मुंगीचे पाय मोजता आले पाहिजेत : संशोधनासाठी मॅक्रो फोटोग्राफी

कोकणात आंब्या-काजूच्या झाडावर पानं एकमेकांना शिवून केलेली घरटी तुम्ही पाहिलीच असतील. ही विणकर मुंग्यांची घरटी. कोकणात यांना ओंबील म्हणतात, शास्त्रीय नाव इकोफायला स्मॅराग्डिना. याच झाडांवर, याच लालसर-नारिंगी रंगाचा, जवळपास याच मापाचा एक कोळीही फिरत असतो. मिरमाप्लाटा प्लॅटॅलिऑइडिस हे त्याचं नाव. हा उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला, म्हणजे सॅल्टिसिडीमधला. पण शरीर मुंगीसारखं, मधे कंबर बारीक, चाल मुंगीसारखी, आणि पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून हलवणं तर अगदी हुबेहूब.

आता समजा तुम्ही या दोघांचा वरून एकेक फोटो काढलात. दोन्ही फोटो सुंदर आले, मागे हिरवी धूसर पार्श्वभूमी, सगळं छान. तरी मुंगी कोणती आणि कोळी कोणता हे सांगता येईलच असं नाही. पाय सहा की आठ? डोळे डोक्याच्या दोन बाजूंना की समोर दोन मोठे? मिशा कोपरासारख्या वाकलेल्या की त्या मिशाच नाहीत, पाय आहेत? याची उत्तरं फोटोत असतील तर तो फोटो पुरावा आहे. नसतील तर तो वॉलपेपर आहे. वॉलपेपरशी माझं भांडण नाही, माझ्या लॅपटॉपवरही आहे एक. पण प्रबंधात त्याचा उपयोग नाही.

ही पोस्ट एमएस्सीच्या प्रकल्पात किंवा पुढे पीएचडीत कीटक, कोळी, दगडफूल, बिया, फुलं असलं काहीतरी बारीक घेऊन काम करायचा विचार असणाऱ्यांसाठी आहे. 'मॅक्रो कसं शिकायचं?' असं बरेच जण विचारतात, आणि प्रश्नाचा रोख बहुतेक वेळा 'कुठली लेन्स घेऊ?' असा असतो. लेन्सबद्दल बोलूच, पण ते या विषयातलं सगळ्यात सोपं प्रकरण आहे, म्हणून ते आधी उरकून घेऊ.

मॅक्रोचा मूळ अर्थ असा : वस्तूची सेन्सरवर पडणारी प्रतिमा जवळजवळ वस्तूएवढीच असणं. ५ मिमीची मुंगी सेन्सरवर ५ मिमीच पडली तर ते १:१, म्हणजे एक पट. सेन्सर लहान असो की मोठा, ही व्याख्या बदलत नाही. मोबाइलच्या जाहिरातीतला 'अमुक पट मॅक्रो' बहुतेक वेळा वेगळंच काहीतरी सांगत असतो, तिकडे लक्ष देऊ नका. एक पट गाठायचा सरळ मार्ग म्हणजे मॅक्रो लेन्स, पण ती महाग. स्वस्त मार्ग तीन. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये पोकळ नळी लावायची : ५० मिमीच्या लेन्सला २५ मिमीची नळी लावली की २५ भागिले ५०, म्हणजे अर्धा पट वाढते. दुसरा, जुनी ५० मिमी लेन्स उलटी बसवायची. तिसरा, हातात असलेल्या झूम लेन्सपुढे क्लोज-अप भिंग लावायचं. रेनॉक्स डीसीआर-२५० हे त्यातलं बऱ्याच जणांच्या बॅगेत दिसणारं भिंग. ते ८ डायॉप्टरचं, म्हणजे नाभीय अंतर १२५ मिमी. झूम लेन्स २५० मिमीवर आणि फोकस अनंतावर ठेवला तर २५० भागिले १२५, झाले दोन पट. किट लेन्सवर दोन पट! पीएचडीच्या पहिल्या वर्षाला एवढं पुष्कळ झालं. फेलोशिप वेळेवर जमा व्हायला लागली की मग मॅक्रो लेन्सचं बघा.

आता खरा विषय, खोली.

फोटोत किती मिलिमीटर मावतात

आपण मॅक्रोत गेलो की डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत पुढून मागे किती जाडीचा थर स्पष्ट दिसतो ते, भयंकर कमी होतं हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. किती कमी, हे मात्र फार थोडे जण मोजतात. सूत्र सोपं आहे : २ × एफ-नंबर × चालू शकेल एवढा धूसरपणा × (पट + १) ÷ पटीचा वर्ग. एपीएस-सी सेन्सरसाठी चालू शकेल एवढा धूसरपणा ०.०२ मिमी धरू. एफ/८ वर, अर्ध्या पटीला उत्तर येतं साधारण १.९ मिमी. एक पटीला ०.६४ मिमी. दोन पटीला ०.२४ मिमी.

म्हणजे ६ मिमी लांबीच्या कोळ्याचा समोरून एक पटीला फोटो काढला तर डोळ्यांच्या पुढच्या ओळीपाशी स्पष्टपणा सुरू होतो आणि डोक्यावरच संपतो. पोट, मागचे पाय, पायांवरचे काटे, सगळं लोण्यासारखं मऊ.

मग साहजिक वाटतं, ॲपर्चर बारीक करू, एफ/२२ लावू, खोली वाढेल. खोली वाढते खरी. पण दुसरीकडून मार बसतो तो डिफ्रॅक्शनचा. प्रकाश बारीक छिद्रातून जाताना पसरतो, आणि एका बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता एक छोटी चकती होते. या चकतीचा व्यास २.४४ × प्रकाशाची तरंगलांबी × परिणामी एफ-नंबर. यातला 'परिणामी' हा शब्द महत्त्वाचा. पट वाढवताना लेन्स सेन्सरपासून लांब जाते, त्यामुळे सेन्सरच्या दृष्टीने तेच छिद्र आणखी बारीक होतं. किती? एफ-नंबर गुणिले (१ + पट). एक पटीला एफ/८ हा एफ/१६ सारखा वागतो, आणि एफ/१६ हा एफ/३२ सारखा. हिरव्या प्रकाशासाठी एफ/३२ ला चकती येते सुमारे ४३ मायक्रॉनची. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा एक पिक्सेल आहे ३.९ मायक्रॉनचा. म्हणजे एक बिंदू अकरा पिक्सेलांवर पसरला. कॅमेऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, हे भौतिकशास्त्र आहे. (काही कंपन्यांचे कॅमेरे मॅक्रो लेन्स लावल्यावर परिणामी आकडाच दाखवतात, काही लेन्सवर छापलेला आकडा दाखवतात. आपला कॅमेरा काय दाखवतो ते एकदा बघून ठेवा, नाहीतर मित्राच्या सेटिंगशी तुलना करताना गोंधळ होतो.)

म्हणून एक पटीला एफ/८ ते एफ/११, दोन पटीला एफ/५.६ ते एफ/८ याच्या आसपासच सगळा कारभार चालतो. जास्त खोली फुकट मिळत नाही. मिळालेल्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये काय ठेवायचं हे मात्र आपल्या हातात असतं, आणि मॅक्रोतलं कौशल्य म्हणजे बव्हंशी एवढंच आहे.

हे पटण्यासाठी एक संध्याकाळ खर्च करा. आलेख कागद घ्या, तोच आपला मिलिमीटरचा. एका पुठ्ठ्यावर चिकटवून ४५ अंशांत तिरका उभा करा. एक पटीला, एफ/८ वर फोटो काढा आणि संगणकावर किती घरं स्पष्ट आली ते मोजा. कागदावर जेवढी लांबी स्पष्ट, तिला ०.७ ने गुणलं की खोली मिळते. गणिताप्रमाणे एक घरही धड स्पष्ट येऊ नये. अर्ध्या पटीला पावणेतीन यावीत. मग एकच गोष्ट बदला, फक्त ॲपर्चर. सगळी मालिका काढा, एफ/४ पासून एफ/२२ पर्यंत. मग ॲपर्चर परत एफ/८ ला ठेवून फक्त पट बदला. आकडे वहीत लिहा. एका वेळी एकच चल बदलायचा आणि बाकीचे स्थिर ठेवायचे, हे आपण प्रयोगशाळेत करतोच, पण कॅमेरा हातात आला की सगळे विसरतात आणि चार चक्रं एकदम फिरवतात. मग फोटो चांगला का आला हेही कळत नाही आणि वाईट का आला हेही.

कोणता अर्धा मिलिमीटर?

आमच्या विभागाशी संपर्कात असलेले एक शिक्षक आहेत, फोटोग्राफीचे शौकीन. त्यांच्या गावाजवळच्या देवराईतल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचे बारा फोटो त्यांनी मला पाठवले. फोटो अप्रतिम. समोरून चेहरा, दोन मोठे काळे डोळे, त्यात आकाशाचं प्रतिबिंब. बाराच्या बारा असे. पाठीवरची नक्षी कुठेच नाही, बाजूने एकही नाही, नर की मादी ते कळायला मार्ग नाही. मी तिथे जायच्या आत रस्त्याच्या कामात देवराईचा तो भाग गेला. दोन पावसाळे आसपास शोधलं, तो कोळी पुन्हा दिसला नाही. माझ्या यादीत ती नोंद आजही 'सॅल्टिसिडी, प्रजाती अनिश्चित' अशीच आहे. त्यांचा यात काही दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं काय टिपायचं ते. पण आपल्याला ते माहीत असायला हवं.

काय टिपायचं हे कॅमेऱ्याच्या पुस्तकात नसतं. ते त्या गटाच्या ओळख-चावीत असतं. तेव्हा बाहेर पडण्याआधी चावी वाचा आणि तीत कोणत्या अवयवांबद्दल विचारलंय त्याची यादी करा. कोळ्यांत पहिला प्रश्न डोळ्यांच्या मांडणीचा येतो. उड्या मारणाऱ्या कोळ्यांत समोर दोन मोठे. लांडगा-कोळ्यांत खाली चार बारीक डोळ्यांची ओळ, त्यावर दोन मोठे आणि त्याहून मागे आणखी दोन. लिंक्स कोळ्यांत सहा डोळे षटकोनात. म्हणून समोरून फोटो हवाच, पण त्याबरोबर पाठीचा, बाजूचा आणि जमलं तर पोटाकडचाही हवा. नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांची टोकं बॉक्सिंगच्या हातमोज्यांसारखी फुगलेली असतात. ती दिसली की नर, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. मुंग्यांमध्ये प्रघात वेगळा आहे. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या अँटवेब या संग्रहात प्रत्येक नमुन्याचे डोकं समोरून, शरीर बाजूने आणि शरीर वरून असे तीन फोटो आणि चौथा त्याच्या लेबलचा असतो. बाजूचा का, तर कंबरेत एक गाठ आहे की दोन हे वरून नीट कळत नाही, आणि मुंगीचं उपकुळ ठरवताना तोच प्रश्न आधी येतो.

अवयव ठरला की मग कॅमेऱ्याचा कोन. सेन्सर हा एक सपाट पृष्ठ आहे, आणि स्पष्ट दिसणारा थर त्याला समांतर असतो. पाठ दाखवायची तर सेन्सर पाठीला समांतर धरा. मग अर्ध्या मिलिमीटरमध्येही पूर्ण पाठ मावते. मॅक्रो सुधारायचा असेल तर मी एकच सराव सांगेन, समांतर धरायचा. बाकी सगळं नंतर.

प्रत्यक्ष जंगलात ऑटोफोकस बंद. पट आधी ठरवा, फोकस तिथेच ठेवा, आणि मग स्वतः पुढेमागे झुलत स्पष्ट क्षणी बटण दाबा. डाव्या हाताच्या बोटांत पानाचा देठ धरा आणि लेन्स त्याच मनगटावर टेकवा. वारा आला तरी पान आणि लेन्स दोन्ही एकत्र हलतात. हे वाचायला विनोदी वाटतं, पण आंबोलीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात ट्रायपॉड उभा करून बघा, मग पटेल. सकाळी लवकर निघा. थंडाव्यात किडे सुस्त असतात. हाच थंडावा घरच्या फ्रिजमध्ये किडा ठेवून आणायचा प्रकार काही जण करतात. तो करू नका. तसा काढलेला फोटो त्या जिवाच्या वागण्याबद्दल, बसण्याच्या ढबीबद्दल खोटं सांगतो, आणि आपण तो 'नैसर्गिक अधिवासात' म्हणून छापतो.

प्रकाशासाठी फ्लॅश लागतोच, कारण एफ/११ आणि आयएसओ २०० ला झाडाखाली दुसरा इलाज नाही. शिवाय कमी पॉवरवर फ्लॅश इतका क्षणभर चमकतो की हाताची थरथर गोठून जाते. पण उघडा फ्लॅश म्हणजे भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग, आणि त्या डागाखाली नेमके ते खळगे, ज्यावरून प्रजाती ओळखायची. डिफ्यूजर लावा. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमधून येतो तो पांढरा पातळ फोम किंवा ट्रेसिंग पेपर पुरतो. तत्त्व एकच : किड्याच्या नजरेतून उजेडाचा स्रोत जितका मोठा तितका प्रकाश मऊ. म्हणून डिफ्यूजर मोठा करण्याइतकंच तो जवळ आणणं महत्त्वाचं.

मोजमाप, आणि काय करायचं नाही

पट पक्की असेल तर फोटोवरून माप घेता येतं. दिवसाच्या सुरुवातीला, त्याच पटीला, स्टीलच्या पट्टीचा एक फोटो काढून ठेवा. १० मिमी म्हणजे किती पिक्सेल हे कळलं की इमेज-जे या मोफत प्रणालीत पुढचं सगळं होतं. एपीएस-सी, २४ मेगापिक्सेल, एक पट, तर एका मिलिमीटरला साधारण २५५ पिक्सेल मिळतात. सावधगिरी एवढीच की जीव सेन्सरला समांतर हवा. तो ३० अंशांनी तिरका असेल तर ६ मिमीचं शरीर ५.२ मिमीचं भरतं, आणि ही १३ टक्क्यांची चूक फोटोकडे बघून अजिबात कळत नाही. तिरक्या फोटोवरून माप घेऊच नका.

फोकस स्टॅकिंगचं आकर्षण सगळ्यांना असतं. थोडं थोडं पुढे सरकत अनेक फोटो काढायचे आणि संगणकाने प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडायचा. दोन पटीला एफ/५.६ वर खोली साधारण ०.१७ मिमी. फोटो एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत म्हणून पाऊल ०.१२ मिमी धरा. ३ मिमी खोल नमुन्याला झाले पंचवीस फोटो. संग्रहातल्या स्थिर नमुन्यासाठी हे उत्तमच. पण एक लक्षात ठेवा. केस एकमेकांवरून जातात तिथे प्रणाली गोंधळते. केसाभोवती उजळ कडा येते, कधी केस दुप्पट होतात, कधी मागचा केस गायब होतो. पायावरचे केस किंवा काटे मोजून जर तुम्ही काही सिद्ध करणार असाल तर मोजणी मूळ फोटोंवर करा, जोडलेल्यावर नाही. मूळ फोटो पुसून टाकू नका, आणि आकृतीखाली 'इतके फोटो जोडून' असं लिहा.

याहून मोठा धोका आजकाल दुसरा आहे. दाणेदारपणा घालवून फोटो 'सुधारून' देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली. त्या जिथे माहिती नाही तिथे साजेसा पोत भरतात. लग्नाच्या फोटोत चालेल. पण भुंग्याच्या पंखावरची नक्षी ही प्रणालीने कल्पनेने भरलेली असेल तर तुमच्याकडे विदा नाही, चित्र आहे. रॉ फाइल जपा, उजेड-कॉन्ट्रास्ट बदलायचा तर पूर्ण फोटोवर सारखा बदला, आणि कुठलाही भाग पुसू किंवा चिकटवू नका.

आणि फोटोची मर्यादाही माहीत असू द्या. २०२१ मध्ये ठाणे परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवीन प्रजाती जाहीर झाली. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना शहीद झालेले पोलीस तुकाराम ओंबळे यांचं नाव तिला दिलंय : आयसियस तुकारामी. असं नाव द्यायला नुसता देखणा फोटो पुरत नाही. कोळ्यांची प्रजाती शेवटी ठरते ती जननेंद्रियांच्या रचनेवरून, सूक्ष्मदर्शकाखाली, आणि नमुना संग्रहात ठेवावा लागतो. नमुने गोळा करायचे तर संरक्षित जंगलात वन विभागाची लेखी परवानगी लागते. 'एकच तर कोळी' हे कारण चालत नाही. पण त्या कोळ्याचा जिवंत रंग, जो अल्कोहोलमध्ये फिका पडतो, तो कोणत्या झाडावर, पानाच्या कोणत्या बाजूला, कसा बसला होता, हे सगळं फक्त मैदानातला फोटोच सांगतो. दोघांची कामं वेगळी आहेत.

म्हणून प्रत्येक जिवाबरोबर मी आणखी तीन फोटो काढते. एक पूर्ण झाडाचा, एक पानाचा दोन्ही बाजूंनी, आणि सगळ्यात आधी एका चिठ्ठीचा, जिच्यावर अनुक्रमांक, ठिकाण आणि तारीख लिहिलेली असते. कॅमेऱ्याचं घड्याळ कधी बॅटरी काढल्यावर मागे पडतं. चिठ्ठी पडत नाही.

सुधारणा होतेय की नाही हे कुणाला विचारायचं? 'फोटो कसा वाटला?' असं विचारलं की सगळे छान म्हणतात. त्या गटावर काम करणाऱ्या माणसाला फोटो पाठवा आणि विचारा, 'ओळखायला यात काय दिसत नाहीये?' उत्तर एका ओळीचं येतं, बहुतेक वेळा एखाद्या अवयवाचं नाव. ते वहीत लिहा, पुढच्या रविवारी तेवढंच टिपायला जा. सुरुवातीला जंगलच पाहिजे असं नाही. कुंडीतल्या तुळशीवर मावा असतो, मावा असला की मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या की थोड्या दिवसांत तिथे कुठला तरी कोळी येऊन बसतो. तो मुंगीसारखा दिसत असेल तर आधी पाय मोजा.